कालीसारीची राखण

१

जर्मनीतल्या येनामध्ये हिवाळ्यात संध्याकाळ अशी होतच नाही. दुपार असते, आणि मग एकदम अंधार. मैथिली लॅबमधून सुटायची, ट्रामने लोबेडाला यायची, सिमेंटच्या एकसारख्या उंच इमारतींमधून आपली इमारत नंबर वाचून शोधायची आणि वर जाऊन कुकर लावायची. अंधारात बघणारे कॅमेरे हा तिचा पीएचडीचा विषय. दिवसभर अंधाराचे फोटो तपासून आल्यावर स्वयंपाकघरातला पिवळा दिवा पाहूनच तिला बरं वाटायचं.

घरात दोघीच राहायच्या. दुसरी लास्त्री. ती जावा बेटावरच्या कालीसारी नावाच्या गावातली, भातशेती आणि मिरची करणाऱ्या घरातली, आणि इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. दोघी एकमेकींशी जर्मन बोलायच्या, अडलं की इंग्रजी, आणि फारच अडलं की हातवारे.

दर गुरुवारी लास्त्री स्वयंपाकघराच्या टेबलावर टॅब्लेट उभा करायची, कानाला हेडफोन लावायची आणि हातात चहा घेऊन तासन्‌तास बघत बसायची. मैथिलीला बरेच दिवस वाटत होतं की ती एखादी मालिका बघते. एकदा तिने मागून डोकावून पाहिलं. पडद्यावर एक रिकामी गल्ली होती. बराच वेळ गल्लीच होती.

"हे काय बघतेस गं?"

"राखण करतेय," लास्त्री म्हणाली. "गावाची."

मग तिने सगळं सांगितलं. कालीसारीत रोज रात्री पुरुष फेरी घालतात. प्रत्येक घराला वार ठरलेला. त्या दिवशी त्या घराने एक माणूस द्यायचा. प्रत्येक दाराबाहेर एक पेला टांगलेला असतो, त्यात घरच्या बाईने चिमूटभर तांदूळ टाकायचे. फेरीवाले येतात, तांदूळ झोळीत घेतात आणि पुढे जातात. सकाळी पेला रिकामा दिसला की समजायचं, रात्री कुणीतरी आपल्या दाराशी येऊन गेलं, आपण एकटे नव्हतो.

"आमच्या घरात पुरुष नाही," लास्त्री म्हणाली. "बाबा गेले. इबू एकटी." इबू म्हणजे आई. "सभेत पाक दार्मो म्हणाले, लास्त्रीच्या घराला आपण सूट देऊ. पाक दार्मो म्हणजे आमच्या राखणीचे म्होरके, काकाच म्हण. मी इथून फोनवरून म्हटलं, सूट नको. आज सूट घेतली की उद्या कुणीही विचारेल, या घराची राखण आम्ही का करायची? मी पगारातून कॅमेरे घेतले. एक चौकीवर, एक गल्लीत, एक आमच्या पडवीत. म्हटलं, आमच्या घरचा माणूस जर्मनीतून बसेल. सगळे हसले."

"आणि?"

"आणि काय? हसून झाल्यावर गुरुवार दिला."

इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिथे मध्यरात्र. सोय अशी होती की इथे जेवणाच्या वेळी तिथली राखण होऊन जायची.

"पण इतकं राखण्यासारखं आहे काय तिथे?" मैथिलीने विचारलं. तिला तसं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून तसं निघालं.

लास्त्रीने बोटाने गल्ली दाखवली. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला शेत. "हे सुत्रिस्नोंचं घर. गेले. हे माझ्या मावशीचं. गेली. पलीकडचं, त्याच्या पलीकडचं, सगळी गेली. आधी एका रात्रीत काहीतरी जातं. कुणाची गाय, कुणाची तोडणीला आलेली मिरची. नवल म्हणजे घरातल्यांना जाग येत नाही. मग माणसांचा धीर सुटतो. जमीन विकतात आणि निघून जातात. घेणारा कोण, ते कुणालाच नीट माहीत नाही. आता या गल्लीत दिवा फक्त आमचा. एक गाय, गाभण आहे. एक भाताचं वावर. आणि इबू."

"तुझी आई घाबरत नाही?"

"ती म्हणते, मी लग्न होऊन या दारातून आत आले, आता कुणाच्या सांगण्यावरून बाहेर जाणार नाही."

पुढच्या महिन्यात लास्त्रीला गुरुवारी दुपारपाळी लागली. तिने मैथिलीकडे नुसतं पाहिलं. मैथिलीने मान डोलावली.

२

आईला सांगितलं तेव्हा ती पुण्याहून फोनवर हसत सुटली. "अगं, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! थीसिस लिहायचा सोडून दुसऱ्यांच्या गाई कसल्या राखतेस?"

"एकच गाय आहे, आई."

"तेच ते. आपलं आपण बघावं, मैथिली."

मैथिलीला सासवड आठवलं. आपलं आपण बघितलं असतं तर सासवडजवळचं आजोबांचं वावर आज असतं. कुंपण एकेका वर्षी थोडं थोडं आत सरकत होतं आणि घरातला प्रत्येक जण म्हणत होता की दुसरा कुणीतरी बघत असेल. शेवटी बघायला काही उरलंच नाही. हे ती आईला कधी बोलली नव्हती. तिने फोन ठेवला आणि टॅब्लेट उभा केला.

हेडफोन तिला सोसत नसत, म्हणून तिने आवाज मोकळा ठेवला. रातकिड्यांचा आवाज स्वयंपाकघरात भरला. बाहेर बर्फ आणि आत रातकिडे, तिला गंमत वाटली. चौकीच्या चित्रात तीन माणसं खांद्यावरून सारोंगची जाड लुंगी लपेटून डोमिनो खेळत होती. त्यांच्या डोक्यावर पोकळ लाकडाचा मोठा ओंडका टांगला होता. त्याला केंतोंगान म्हणतात, लास्त्रीने सांगितलं होतं. दांडक्याने वाजवायचं. दोन-दोन ठोके न थांबता, म्हणजे चोर. एक ठोका, थांबून भरभर खूप, आणि शेवटी पुन्हा एक, म्हणजे सगळं ठीक. 'सगळं ठीक' आलं की ज्या घराचा वार असेल त्याने उत्तर द्यायचं. पूर्वी घरातूनही ठोकेच देत. लास्त्री गावाच्या ग्रुपवर नुसता अंगठा टाकायची.

माणसं उठली. बॅटऱ्या हलल्या. पडवीच्या कॅमेऱ्यात पाक दार्मो आले, इबूच्या पेल्यातले तांदूळ झोळीत ओतले, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मैथिलीनेही हात हलवला, आणि मग आपण कुणाला हात हलवतोय हे आठवून ती स्वतःशीच लाजली.

चौकीवर परत गेल्यावर त्यांनी 'सगळं ठीक' वाजवलं. एक. मग भरभर. मग एक.

खिडकीजवळच्या कोपऱ्यातला हीटिंगचा नळ वाजला.

तो नळ जमिनीतून येऊन छतात जायचा. जुना, क्रीम रंगाच्या थरांनी जाड झालेला. हीटिंगचे नळ गरम-गार होताना वाजतात, या इमारतींत तर रात्रभर कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येत असतो. मैथिलीने अंगठा टाकला आणि भात वाढून घेतला.

जेवता जेवता तिच्या लक्षात आलं, नळसुद्धा तसाच वाजला होता. एक, मग भरभर, मग एक.

प्रतिध्वनी असेल, तिने ठरवलं. टॅब्लेटचा आवाज नळावर आपटला असेल.

३

पुढच्या गुरुवारी ती कोपऱ्याजवळ खुर्ची घेऊन बसली. प्रतिध्वनी नेहमी मूळ आवाजाच्या मागून येतो. एवढंच बघायचं होतं.

फेरी झाली. माणसं चौकीकडे निघाली.

नळ वाजला. एक. मग भरभर. मग एक.

मैथिलीने टॅब्लेटकडे पाहिलं. चित्रात पाक दार्मो अजून चौकीची पायरी चढत होते. ते चढले, दांडकं काढलं, हात उचलला. आणि मग टॅब्लेटमधून आवाज आला. एक. मग भरभर. मग एक.

तिला कारण कळलं. कॅमेऱ्याचं चित्र गावातल्या राउटरवरून कुठल्याशा सर्व्हरवर जातं, तिथून इथे येतं. वाटेत थोडा वेळ जातो. टॅब्लेटवर ती जे बघत होती ते नुकतंच होऊन गेलेलं होतं. नळात जे ऐकू येत होतं ते होत असतानाच येत होतं.

म्हणजे नळ कॅमेऱ्यापेक्षा गावाच्या जवळ होता.

"मूर्खासारखा विचार करू नकोस," ती स्वतःला मराठीत मोठ्याने म्हणाली. तिने उठून नळावर तळहात ठेवला. बाजूचा रेडिएटर चांगला तापलेला होता. नळ मात्र गार. बाहेरच्या बर्फाचा गारवा वेगळा असतो. हा विहिरीच्या आतल्या भिंतीसारखा ओलसर गार होता.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर. फ्राऊ म्हणजे बाई. इमारत बांधली तेव्हापासून इथे राहणाऱ्या, एकट्या, पायात लोकरीच्या सपाता.

"हं, तर फ्राऊ केळकर," त्या म्हणाल्या, "जेवताना माझ्या डोक्यावर काय ठोकताय?"

"मी नाही ठोकत. हीटिंगचा नळ आहे, तो कोपऱ्यातला."

"कुठला कोपरा?" त्या आत आल्या, पाहिलं, आणि त्यांनी भुवया वर केल्या. "हा अजून ठेवलाय होय तुमच्याकडे? माझ्याकडे या कोपऱ्यात नळ नाहीच. दुरुस्ती झाली तेव्हा सगळे कापून नेले. हा तुमच्या फरशीखाली संपतो."

"मग त्यात पाणी कुठून येतं?"

"येत नाही. कुठून येणार?" फ्राऊ लिंडनरनी नळाला सपातेने हळूच टोचलं, एखादं झोपलेलं कुत्रं आहे का मेलेलं ते बघावं तसं. "मेलेला आहे तो. गेनाऊ, अगदी नक्की. तेव्हा ठोकणं बंद करा."

लास्त्री घरी आली तेव्हा मैथिलीने तिला सांगितलं. लास्त्रीने डोळे चोळले. "मी हेडफोन लावून बसते, मला कधी ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. मग ती नळाजवळ गेली, पण तिने त्याला हात लावला नाही.

४

तिसऱ्या गुरुवारी सगळं नेहमीसारखं होतं, आणि तेच वाईट झालं. मैथिलीने ठरवलं होतं की घाबरायचं नाही. घाबरायचं नाही असं ठरवलेला माणूस जरा जास्तच मोकळा वागतो.

फेरी होऊन गेली. पेला रिकामा झाला. अंगठा टाकून झाला. ती थीसिसचं पान उघडून बसली आणि टॅब्लेट तिने बाजूला सरकवला. वरणाचा चमचा हातातच होता.

थोड्या वेळाने नळातून पुन्हा आलं. एक. मग भरभर. मग एक. या वेळी हळू, समजूत घातल्यासारखं.

मैथिलीला क्षणभर बरं वाटलं. इतक्या लांबून कुणीतरी म्हणतंय, सगळं ठीक आहे. तिने मान वर न करता चमच्याने नळावर उत्तर दिलं. एक. मग भरभर. मग एक.

नळ थांबला. आपलं उत्तर कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं, असं तिला वाटलं.

आणि मग टॅब्लेटमधून, पडवीच्या कॅमेऱ्यातून, रातकिड्यांच्या आवाजावर, चमच्याचे ठोके आले. तिचेच. स्टीलच्या चमच्याचा तो बारीक आवाज तिने नक्की ओळखला. इबूच्या अंगणातून आले ते.

तिने टॅब्लेट ओढला. चौकीवर तिघे बसल्या जागी झोपले होते. एकाच्या बोटांत डोमिनोची सोंगटी तशीच धरलेली होती. डोक्यावरचा ओंडका स्थिर. दांडकं त्याच्या खाचेत अडकवलेलं. कुणी वाजवलं नव्हतं.

लास्त्रीचा फोन लागला. मागे हॉस्पिटलातल्या यंत्रांची टिकटिक होती.

"तू उत्तर दिलंस?" लास्त्री म्हणाली.

"हो."

"कोण वाजवतंय ते बघितलंस?"

"नाही."

लास्त्रीचा आवाज अगदी वेगळा झाला, नर्सचा. "ऐक. राखणीचा पहिला नियम. आधी बघायचं, मग उत्तर द्यायचं. मी तुला तो सांगितला नाही, कारण आमच्याकडे तो सांगावा लागत नाही. मैथिली, गल्लीतले जे जे गेले ते सगळे हेच म्हणायचे. आम्ही 'सगळं ठीक' ऐकलं, उत्तर दिलं, आणि झोपलो. पाक दार्मो शपथ घेऊन सांगायचे की त्यांनी त्या वेळी वाजवलंच नव्हतं. मला वाटायचं, दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय."

"आता?"

"आता तू आमच्या घराच्या वतीने सांगितलंस की घर झोपलंय. इबूला उठव. मी पण फोन करते."

५

इबूचा फोन वाजत राहिला. पडवीच्या कॅमेऱ्यात तो घरातून ऐकू येत होता, आनंदी, नाचरं गाणं, थोडं उशिरा पोचणारं. कुणी उचलत नव्हतं. ग्रुपवर मैथिलीने जे सुचेल ते लिहिलं, इंग्रजीत, मग नुसती उद्गारचिन्हं. कुणी वाचलं नाही.

गल्लीच्या चित्रात काही नव्हतं. गोठ्याकडे जाणारी वाट रिकामी. मैथिलीने प्रकाश वाढवला, हे तर तिचं रोजचं काम. अंधार वाढवत नेला की चित्रात मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसू लागतात, आणि डोळा त्या ठिपक्यांतून माणसं बनवतो. हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची. ठिपके खोटे असतात, ती म्हणायची, दोन चित्रांत जे एका जागी राहतं तेवढंच खरं.

पडवीच्या चित्रात दाराशी एक आकार होता. पुढच्या चित्रात तो तिथेच होता. त्याच्या पुढच्या चित्रातही.

फेरीवाल्यासारखा सारोंग खांद्यांवरून लपेटलेला. पाठ कॅमेऱ्याकडे. बॅटरी नाही. तो पेल्याकडे बघत नव्हता. त्याने एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला होता आणि बोटांच्या पेरांनी तो चौकट वाजवत होता. एक. मग भरभर. मग एक. जोरात नाही. तान्ह्या बाळाला थोपटून निजवावं तसं.

इकडे नळ तेच थोपटणं थोडं आधी देत होता. एक. मग भरभर.

मैथिलीच्या पापण्या जड झाल्या. तिला ते कळलं आणि त्याचा राग आला. एवढी भीती वाटत असताना झोप कशी येते? सुत्रिस्नो असेच झोपले असतील. ती मावशी. सासवडचं मैथिलीचं स्वतःचं घर असंच झोपलं होतं, वर्षानुवर्षं, सगळं ठीक आहे म्हणत.

"नाही," ती म्हणाली.

ओट्यावर आईने बळेबळे बॅगेत कोंबलेला पितळी खलबत्ता होता. विमानतळावर त्याच्यावरून बोलणी खाल्ली होती. तिने बत्ता उचलला आणि नळावर हाणला. दोन. दोन. दोन. दोन.

रंगाचे जाड पापुद्रे उडाले. आवाज असा झाला की कपाटातल्या बशा खुळखुळल्या. टॅब्लेटवरचा आकार थोपटतच होता. तिने हात थांबवला नाही. हे आधीचं चित्र आहे, तिने स्वतःला बजावलं, ते पोचायला वेळ लागतो. दोन. दोन. दोन.

खालून फ्राऊ लिंडनर झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागल्या. मग जिन्यात सपाता वाजल्या, मग बेल, मग दारावर मूठ. दाराला कडी लावलेली नव्हती. "फ्राऊ केळकर! आता मी पोलिसांना—"

"आइनब्रेखर!" मैथिली ओरडली. चोर. तिला तोच एक शब्द आठवला. "तिकडे! म्हातारी बाई एकटी आहे घरात!"

फ्राऊ लिंडनर टेबलाशी आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. त्याच वेळी टॅब्लेटमधून पितळेचे ठोके आले, अंगणातल्या मोकळ्या हवेतून, दणदणीत. दोन. दोन. दोन.

आकाराचा हात चौकटीवर थांबला.

तो वळला. खांदे फिरले, सारोंगची किनार फिरली, सगळा माणूस वळतो तसा वळला. आणि पूर्ण वळून झाल्यावरही त्यांना त्याची पाठच दिसत होती.

फ्राऊ लिंडनरनी एक लांब श्वास घेतला. मैथिलीला पडदा हाताने झाकावासा वाटला. झाकला नाही. आधी बघायचं. तिने बघितलं, बघत बघत हात चालूच ठेवला, आणि बाजूला फ्राऊ लिंडनरनी पायातली सपाता काढली, नंतर ती निरुपयोगी आहे हे कळून टेबलावरचा चमचा घेतला आणि त्याही नळावर हाणू लागल्या. त्यांचा ठेका चुकत होता. चुकू दे.

ती पाठ पायरी उतरली. कॅमेऱ्याच्या खालून जाताना चित्र एकदा काळं झालं.

मग घरात दिवा लागला. इबू बाहेर आली, केस मोकळे, पदरासारखं काहीतरी कसंबसं लपेटलेलं. तिने इकडे तिकडे पाहिलं, पडवीच्या खुंटीवरून नवऱ्याचं बांबूचं जुनं केंतोंगान काढलं आणि छातीशी धरून वाजवू लागली. दोन. दोन. दोन. चौकीवर माणसं धडपडून उठली. सोंगट्या सांडल्या. गल्लीच्या टोकाला एक बॅटरी लागली, मग दुसरी, मग ज्या बाजूला अजून घरं होती तिकडे कितीतरी.

६

गाय मिळाली. तिचं दावं सोडलेलं होतं आणि ती फाटकात उभी होती, शेताकडे तोंड करून, कुणीतरी ये म्हणण्याची वाट बघत असल्यासारखी. बाकी काही गेलं नाही. पायांचे ठसे होते ते फक्त फाटकातून आत आलेले. बाहेर गेलेले नव्हते. पाक दार्मो म्हणाले, पावसाने पुसले असतील. इबू म्हणाली, पाऊस पडला नव्हता.

लास्त्रीने इबूचा निरोप मोठ्याने ऐकवला आणि तुकड्यातुकड्याने जर्मनमध्ये सांगितला. फ्राऊ लिंडनर पण बसल्या होत्या. हल्ली गुरुवारी त्या येतात. टीव्हीवर काही नसतं, म्हणतात.

"इबू म्हणते, ती गाढ झोपली होती. स्वप्नात कुणीतरी थोपटत होतं. मग अंगणातल्या हातपंपाच्या नळातून ठोके यायला लागले. आधी एकाचे. मग दुसरं कुणीतरी आलं, त्याला वाजवता येत नव्हतं."

"हो," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "ती मी."

"सुत्रिस्नोंचा निरोप आला. जमीन घेणाऱ्याकडून इबूलाही विचारणा आहे, वाट्टेल ते देतो म्हणे. तिने त्या घेणाऱ्याला उलट कळवलं, आमच्या घरात आता राखणीला तीन बायका आहेत, चौथी मी. तुझ्या माणसाला सांग, तोंड दाखवून ये." लास्त्री हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "आणि म्हणते, त्या दोघी राखण करतात तर त्यांच्या दाराला पेला का नाही? त्यांच्याकडे फेरी कशी येणार?"

म्हणून त्यांनी पेले टांगले. मैथिलीच्या दाराला स्टीलचा, खाली फ्राऊ लिंडनरच्या दाराला अंडं ठेवायचा चिनी मातीचा. चिमूटभर तांदूळ. जिन्यातून येणारे-जाणारे बघतात आणि काही विचारत नाहीत. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडांपैकी एकाने आपलाही टांगला, हा इथला रिवाज असेल असं समजून.

आईला मैथिलीने थोडंच सांगितलं. आई म्हणाली, "बत्त्याला पोचे पडले का गं?"

"एक पडलाय."

"असू दे. सासवडला त्या वेळी कुणाच्या हातात काही असतं तर." आणि तिने फोन ठेवला.

आजचा गुरुवार. बाहेर बर्फ वितळतंय, छपरावरून पाणी गळतंय. तिघी टेबलाशी बसल्यात. तिकडे फेरी होऊन गेली. पाक दार्मोंनी कॅमेऱ्याकडे हात हलवला, तिघींनी हलवला. चौकीवर तिघं जागे आहेत, कडक चहा पितायत. गाय व्यायली, गोठ्यातून वासराचा आवाज येतोय. 'सगळं ठीक' वाजलं, आधी नळातून, मग टॅब्लेटमधून. बघून झालं, मग लास्त्रीने अंगठा टाकला.

आता नळ पुन्हा वाजतोय.

तिघींनी चौकी बघितली. ओंडका स्थिर. गल्ली बघितली. रिकामी. पडवी बघितली. कुणी नाही, फक्त बंद दार आणि रिकामा पेला.

एक. मग भरभर. मग एक. हळूच, थोपटल्यासारखं. आवाज नळातूनच येतोय की नाही, हे मैथिली कान देऊन ऐकते. नळावर हात ठेवते. नळ गप्प आहे.

आवाज त्यांच्या जिन्यातल्या दाराच्या चौकटीवरून येतोय.

फ्राऊ लिंडनर चमचा उचलतात. लास्त्री टॅब्लेट पालथा घालते आणि उठून उभी राहते. "आधी बघायचं," ती म्हणते.

"हो," मैथिली म्हणते, बत्ता हातात घेते, आणि दार उघडायला जाते.